पावत्यांची तपासणी आणि रोग्याची विचारपूस

सरकारनें रोग्यावर उपचार करणें ही एक गोष्ट, आणि सरकारनें रोग्यासाठीं उपचार विकत घेणें ही अगदीं निराळी गोष्ट. गेल्या वीस वर्षांत आपल्या देशांत पहिलीची जागा दुसरी घेत चालली आहे. आणि नवल असें कीं, प्रत्येक नव्या करावर व प्रत्येक पाठ्यपुस्तकावर कडकडून भांडणाऱ्या आपल्या सुशिक्षित वर्गांत या स्थित्यंतराची म्हणण्यासारखी चर्चाच झाली नाहीं. पूर्वीं सरकार म्हणजे सिव्हिल सर्जन, नर्सबाई, लोखंडी खाट आणि लाल औषधाची बाटली. आतां सरकार म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक होण्यांत कांहीं कमीपणा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण गिऱ्हाईकाला माल पारखतां यावा लागतो. मंडईंत गेलेली गृहिणी वांगें दाबून पाहते, भेंडीचें टोंक मोडून पाहते, आणि मगच पैसे मोजते. आमचें सरकार पिशवींत काय पडलें हें न पाहतां पावतीवरची बेरीज पुनःपुन्हां तपासणारें गिऱ्हाईक आहे. बेरीज बरोबर आली कीं तें समाधान पावतें, चुकली कीं दुकानदाराला नोटीस धाडतें. पिशवी मात्र दोन्ही प्रसंगीं बंदच राहते.

हा व्यवहार कसा चालतो तें आधीं सांगितलें पाहिजे, कारण ज्यांच्या घरीं पदरच्या पैशानें घेतलेला विमा आहे अशा वाचकांचा त्याच्याशीं क्वचितच संबंध येतो. २००८ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना काढली. तींत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचा रुग्णालयांतील उपचार कार्डावर मिळे. महाराष्ट्रांत २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढल्या वर्षीं ती राज्यभर गेली, आणि २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नांवानें चालते. २३ सप्टेंबर २०१८ रोजीं केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली व कुटुंबाची वार्षिक मर्यादा ५ लाख रुपये झाली. नांवें बदलतात, रीत तीच. उपचारांची एक यादी असते (जीवनदायीच्या मूळ यादींत ९७१ उपचार होते) आणि प्रत्येकापुढें एक ठोक दर. यादींतल्या रुग्णालयांत रोगी गेला कीं आरोग्यमित्र त्याचें कार्ड पाहतो, रुग्णालय संगणकावरून पूर्वपरवानगी मागतें, परवानगी आली कीं शस्त्रक्रिया होते, मग तपासण्यांचे कागद, रोग्याचें छायाचित्र व घरीं सोडल्याचा दाखला इतकें सर्व पाठवलें जातें, आणि दावा मंजूर झाला कीं रक्कम रुग्णालयाच्या खात्यांत जमा होते. येथें व्यवहार संपला. रोगी एस. टी. धरून गांवीं गेला. पुढें तो शेतावर जाऊं लागला, अंथरुणास खिळला, कीं पंधरवड्यांत वारला, याचा पैसे चुकते होण्याशीं कांहींएक संबंध नाहीं.

या व्यवहाराची तपासणी होतच नाहीं असें कोणीं समजूं नये. ती होते, आणि कधीं कधीं फार चांगली होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्यें लोकसभेंत मांडला गेला. त्यांत आढळलें कीं, ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नांवापुढें एकच मोबाईल क्रमांक नोंदलेला आहे, आणि तो कोणता, तर दहा वेळां नऊ. आणखी १,३९,३०० जणांपुढें दहा वेळां आठ. ४३,१९७ कुटुंबें अशीं निघालीं कीं ज्यांतील माणसें ११ पासून थेट २०१ पर्यंत. एकत्र कुटुंबपद्धति मोडली म्हणून हळहळणाऱ्यांनीं या आंकड्यानें खुशाल धीर धरावा. पण खरी विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. संगणकांत जे रोगी आधींच मृत म्हणून नोंदले गेले होते अशा ३,४४६ जणांच्या उपचारांपोटीं ६ कोटि ९७ लाख रुपये रुग्णालयांना दिले गेले होते.

वृत्तपत्रांनीं दोन दिवस हा अहवाल उचलून धरला. विरोधकांनीं घोटाळा म्हटलें. सरकारनें खुलासा केला. खुलासा असा कीं, मोबाईल क्रमांकाचा लाभार्थ्याची पात्रता ठरवण्याशीं संबंध नाहीं. ओळख आधार कार्डावरून पटते. क्रमांक केवळ संपर्काच्या सोयीसाठीं असतो. हा खुलासा खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उलट तो अगदीं खरा आहे, आणि म्हणूनच तो भयंकर आहे. सरळ मराठींत त्याचा अर्थ इतकाच कीं, रोग्याशीं बोलण्याचें साधन नसलें तरी या योजनेचें कांहीं अडत नाहीं. ज्या यंत्रणेला लाभार्थ्यांना रोज फोन लावावे लागतात, तिच्या वहींत दहा नऊ साडेसात लाख वेळां बसूंच शकत नाहींत. पहिल्याच आठवड्यांत कोणी कारकून वैतागून तक्रार करील. वहींत ते निवांत बसले, कारण त्या रकान्याकडे पाहण्याचें प्रयोजन कोणालाच पडलें नव्हतें. नियमावलींत रोग्याला गांठण्याची तरतूद मुळींच नाहीं असें नव्हे. कांहीं रोग्यांना फोन करावा, कांहींच्या घरीं जावें, असें तेथेंही लिहिलेलें आहे. पण विचारावयाचें काय? तर उपचार खरोखर झाला का, आणि रुग्णालयानें वर पैसे मागितले का. म्हणजे तेथेंही चौकशी चोरीची, दुखण्याची नव्हे.

बनावट रोगी, मेलेला रोगी, दोनदां लावलेलें बिल हे सर्व चोरीचे प्रकार आहेत, व चोर पकडण्यास हिशेबतपासनीस समर्थ आहे. कौटिल्यानें सरकारी द्रव्य खाण्याचे ४० मार्ग मोजून ठेवले. आजचे तपासनीस त्यांत चार-दोनांची भर घालूं शकतील. परंतु त्या चाळीसांत एक मार्ग नाहीं, तो हा, कीं ज्या शस्त्रक्रियेची गरज नाहीं ती खरोखर, नीटनेटकी, पूर्वपरवानगीनें आणि छायाचित्रासह करणें. येथें कागद मुका होतो. रोगी जिवंत, कार्ड खरें, सर्जन पदवीधर, टांके खरे, बिल ठरल्या दराप्रमाणें. तपासनिसानें बरोबरची खूण करावी आणि पुढल्या कागदाकडे वळावें, याखेरीज त्याच्या हातीं दुसरें काय आहे?

ही आमची कल्पना नव्हे. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळांत बिहार व छत्तीसगड या राज्यांत हेंच झालें. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला यादींत दर होता. तेव्हां ओटीपोटांत दुखतें, पांढरें जातें, एवढ्याशा तक्रारीवर तरुण बायकांचीं गर्भाशयें काढलीं गेलीं. कार्डावरची रक्कम संपली आणि बाई घरीं गेली. समस्तीपूर जिल्ह्याच्या प्रशासनानें २०१२ सालीं या प्रकाराची चौकशी केली ती कशी, हें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं कागदांचे गठ्ठे पुन्हां चाळले नाहींत. शिबिर भरवून त्या बायकांनाच बोलावलें आणि डॉक्टरांकडून तपासलें. तेव्हां कळलें कीं, कांहींची शस्त्रक्रिया झालीच नव्हती, आणि कांहींची व्हावयाचें कारण नव्हतें. प्रकरण २०१३ सालीं डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेनें सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ५ एप्रिल २०२३ रोजीं निकाल लागला, आणि अशा शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याचीं केंद्राचीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं ३ महिन्यांत अमलांत आणावीं असें न्यायालयानें फर्मावलें. शिबिराला कांहीं दिवस लागले. निकालाला दहा वर्षें.

महाराष्ट्रानें याकडे परक्याचें दुखणें म्हणून पाहूं नये. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोडणी करणाऱ्या बायकांची २०१९ सालीं शासकीय समितीच्या कामीं पाहणी झाली. ८२,३०९ बायकांना विचारलें; त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें निघालें. ते पैसे बहुतांशीं योजनेचे नव्हते. त्या बायकांच्या घामाचे, कित्येकदां मुकादमाकडून उचल घेतलेले होते. परंतु मुद्दा असा कीं, दर सहा जणींत एक इतकें हें प्रमाण जिल्ह्यांत वाढत असतांना तें मोजणारें कोणी नव्हतें, आणि मोजलें गेलें तें दारोदार जाऊन विचारल्यावर. ज्या सरकारला स्वतःच्या जिल्ह्यांत काय चाललें आहे हें विचारल्यावांचून कळत नाहीं, तेंच सरकार त्याच जिल्ह्यांत यादी व दर हातीं घेऊन खरेदीला निघालें आहे.

रोगी पुढें कसा आहे हें विचारलें पाहिजे, ही मागणी अव्यवहार्य आणि पुस्तकी आहे असा शेरा येथें कोणी मारील. तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एका निष्णात सर्जनानेंच ती केली होती, व तिची काय गत झाली हें सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं अर्नेस्ट कॉडमन नांवाचे शल्यवैद्य होते; मॅसॅच्युसेट्स जनरल या नामांकित रुग्णालयांत ते काम करीत. त्यांचें म्हणणें एका वाक्यांत मावणारें होतें: प्रत्येक रुग्णालयानें प्रत्येक रोग्याचा माग इतका काळ ठेवावा कीं उपचार यशस्वी झाला कीं नाहीं हें कळावें, आणि झाला नसेल तर कां नाहीं हें शोधावें. यासाठीं त्यांनीं प्रत्येक रोग्याचें एक छोटें कार्ड केलें. त्यावर काय दुखत होतें, काय केलें, आणि वर्षानें काय आढळलें, इतकेंच. वरिष्ठ ऐकेनात, बढती कामाच्या निकालावर द्यावी, वयोमानावर नव्हे, हेंही त्यांचें म्हणणें कोणाला रुचेना. १९११ सालीं त्यांनीं स्वतःचें लहानसें रुग्णालय काढलें आणि १९१६ पर्यंतच्या ३३७ रोग्यांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यांत १२३ चुका त्यांनीं आपल्या आपण मांडल्या. कोणती अज्ञानाची, कोणती निर्णयाची, कोणती साधनांच्या उणिवेची, अशी वर्गवारी करून. जगांतल्या कोणत्या रुग्णालयानें आपण होऊन असा ताळेबंद छापला असेल?

१९१५ च्या जानेवारींत डॉक्टरांच्या एका सभेंत या गृहस्थांनीं एक मोठें व्यंगचित्र उलगडून दाखवलें. वाळूंत डोकें खुपसलेला एक शहामृग आहे, तो म्हणजे शहरांतील धनिक वस्ती. तो मागल्या पायांनीं सोन्याचीं अंडीं लाथाडतो आहे, आणि तीं गोळा करणारे प्राध्यापक डॉक्टर मनांत म्हणताहेत, कीं उपचारांचें खरें फळ या पांखराला सांगितलें तर अंडीं येणें बंद तर होणार नाहीं ना? सभा उधळण्याचीच वेळ आली. कॉडमन यांना त्या मंडळाचें अध्यक्षपद सोडावें लागलें, हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गेली, आणि १९४० सालीं ते वारले तेव्हां थडग्यावर दगडसुद्धां बसवला गेला नाहीं. तो पुढें २०१४ सालीं त्यांच्या व्यवसायबंधूंनीं बसवला. बोस्टनचा शहामृग निदान स्वतःचीं अंडीं लाथाडीत होता. आमचा शहामृग सरकारी आहे. अंडीं करदात्यांचीं, आणि डोकें संगणकांत.

आरोग्याची गोष्ट सोडून क्षणभर तिच्या भावंडाकडे, म्हणजे निराधारांच्या सांभाळाकडे वळूं. कारण तेथें हाच मुद्दा हातच्या कांकणाइतका उघड आहे. अनाथ मुली, बेघर बायका, वृद्ध यांचीं आश्रयगृहें चालवण्याचें काम सरकार अनेक ठिकाणीं संस्थांना सोंपवतें व त्याबद्दल अनुदान देतें. म्हणजे येथेंही सेवा विकतच घेतली जाते. बिहार सरकारच्या समाजकल्याण खात्यानें अशा ११० संस्थांची सामाजिक तपासणी करण्याचें काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाकडे दिलें. त्या गटानें एप्रिल २०१८ मध्यें अहवाल दिला. १७ संस्थांविषयीं त्यांत अत्यंत गंभीर गोष्टी होत्या, आणि मुजफ्फरपूरच्या बालिकागृहांत अल्पवयीन मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचें नमूद होतें. हें गृह कोठें रानावनांत लपलेलें नव्हतें. शहरांत होतें, सरकारी पैशानें चालत होतें, अधिकारी तेथें येत-जात होते, अनुदानाचे हिशेब लागत होते. मग आलेल्या तरुण तपासनिसांनीं असें काय केलें, जें आधींच्यांनीं केलें नव्हतें? ते मुलींजवळ बसले. व्यवस्थापकांना दूर ठेवून त्यांच्याशीं बोलले. एवढेंच. जानेवारी २०२० मध्यें दिल्लीच्या न्यायालयानें १९ जणांना दोषी ठरवलें, व पुढल्या महिन्यांत मुख्य आरोपीस जन्मठेप झाली.

ज्या खात्याचीं लक्तरें या अहवालानें वेशीवर टांगलीं, त्याच खात्यानें ही तपासणी मागवली होती, हेंही न्यायासाठीं नोंदवलें पाहिजे. तपासनीस कोण आणि त्याला विचारावयास काय सांगितलें, यांवर सारें अवलंबून असतें. विमा कंपनीनें नेमलेला तपासनीस घ्या. कंपनीला कुटुंबामागें वर्षाचा हप्ता मिळतो. नाकारलेला प्रत्येक दावा तिच्या शिलकींत पडतो. तेव्हां तिचा तपासनीस बिलांत खोट काढण्यांत वाकबगार होईल यांत शंका नाहीं, पण मंजूर झालेल्या दाव्यांतला रोगी पांगळा झाला तर त्याला त्याचें काय? त्याचा धनी निराळा आहे.

तपासणी हा शब्द तर आतां मंत्रासारखा झाला आहे; उच्चारला कीं पाप गेलें. ९ जानेवारी २०२१ च्या पहांटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशूंच्या कक्षास आग लागून १० बालकें दगावलीं. लगेच राज्यांतील सर्व रुग्णालयांचें फायर ऑडिट करण्याचे हुकूम सुटले. त्याच वर्षीं ६ नोव्हेंबर रोजीं अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली, आणि ११ रोगी मेले. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं ही म्हण जुनी झाली. येथें बंबाऐवजीं अहवाल गेला. आमच्या व्यवसायांतही मूल्यांकन समित्या येतात. त्या येण्याआधीं आठ दिवस भिंतींना रंग लागतो, कुंड्या भाड्यानें येतात, चार वर्षांचीं इतिवृत्तें चार रात्रींत लिहून होतात. समिती गेली कीं कुंड्याही जातात. पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांनीं काय येतें, असें विचारणारी समिती आम्हीं अजून पाहिलेली नाहीं. तेव्हां हा दोष एकट्या आरोग्यखात्याचा नव्हे. पण वर्गांत तो खपून जातो, खाटेवर खपत नाहीं.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: या योजना येण्यापूर्वीं गरिबाला मोठ्या रुग्णालयाची पायरी चढणें शक्य नव्हतें, आज तो तेथें हृदयावर शस्त्रक्रिया करवून घेतो, डायालिसिसवर जगतो, कर्करोगाचीं औषधें घेतो, पोट भरलेल्या प्राध्यापकानें त्याच्या ताटांत खडे कां काढावे? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. या योजनांनीं कित्येक घरें सावकाराच्या दारापासून वांचवलीं, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण खडे आम्ही टाकीत नसून काढीत आहों. ताट गरिबाचें आहे म्हणून त्यांतला भात शिजला कीं नाहीं हें पाहूं नये, हा कोठला दयाधर्म? आम्ही स्वतः पैसे भरून रुग्णालयांत जातों तेव्हां चार जणांना विचारतों, दुसऱ्या डॉक्टरचें मत घेतों, परत गेल्यावर फोन करून भांडतों. ज्याला हें करतां येत नाहीं त्याच्या वतीनें तें करणें, हेंच तर त्याच्यासाठीं खरेदी करणाऱ्याचें काम.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. ते म्हणतात, परिणाम सर्वस्वीं आमच्या हातीं नसतो. परिणाम मोजूं लागलांत तर आम्ही अवघड रोगी घेणार नाहीं, सोपे तेवढे घेऊं. भीति खरी आहे. म्हणूनच आंधळी टक्केवारी लावून कोणाला बक्षीस व कोणाला दंड असें आम्ही सुचवीत नाहीं. सारख्या वयाच्या, सारख्या दुखण्याच्या रोग्यांची सारख्यांशींच तुलना व्हावी. कॉडमन यांच्या वर्गवारींतही असाध्य रोगाला, आणि उपचार नाकारणाऱ्या रोग्याला निराळी जागा होती. डॉक्टरांची दुसरी तक्रार मात्र आम्ही बिनशर्त मान्य करतों. दर अपुरे, आणि तेही महिनोन्महिने थकणारे, अशा अवस्थेंत चांगला माल कोणता दुकानदार देईल? उधार-उसनवारी करणाऱ्या गिऱ्हाईकाला वांगीं निवडून घेण्याचा अधिकार राहत नाहीं.

पण सर्वांत मोठी गोष्ट याहून निराळी आहे. जिच्या घरीं चूल पेटते तिलाच बाजारचा माल कळतो. सरकारचीं स्वतःचीं रुग्णालयें धडधाकट असलीं, तर कोणती शस्त्रक्रिया केव्हां लागते, तिला खरोखर किती खर्च येतो, किती रोगी बरे होतात, हें त्याला घरबसल्या कळतें. मग खाजगीवाल्याचा भाव त्याला फसवूं शकत नाहीं. महालेखापरीक्षकांचा महाराष्ट्रांतील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्यें विधिमंडळापुढें आला. तपासलेल्या काळांत परिचारिकांच्या मंजूर जागांपैकीं सुमारें एक तृतीयांश रिकाम्या होत्या. नर्सबाईशिवाय वॉर्ड चालत नाहीं हें सांगावयास लेखापरीक्षक कशाला हवा? जीवनदायीच्या यादींतले कांहीं उपचार शासकीय रुग्णालयांसाठीं राखून ठेवलेले होते, म्हणजे दाव्याचा पैसा तेथें यावा व रुग्णालय सुधारावें. कल्पना उत्तम, पण राखून ठेवलेल्या पानावर वाढपीच नसेल तर पंगत काय करणार?

चूल पेटती ठेवणारें सरकार खरेदीही कशी चांगली करतें, याला तामिळनाडूचा औषधखरेदीचा दाखला आहे. १९९४ सालीं त्या राज्यानें त्यासाठीं महामंडळ काढलें. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामें केलीं, प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखें पासबुक दिलें, आणि आलेल्या प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेंत उतरल्यावांचून पुरवठादाराला पैसे द्यावयाचे नाहींत अशी रीत घातली. तेथें तपासणी वरातीमागून आलेलें घोडें नाहीं. ती खरेदीच्या पोटांतच आहे. गोळीची परीक्षा होऊं शकते, तर गोळी घेणाऱ्याची कां नाहीं?

आणि असें विचारणें महाराष्ट्राला नवें आहे असेंही नाहीं. २००७ सालीं अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणें व ठाणें या पांच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' या संस्थेनें तिचें राज्यभर संयोजन केलें. गांवकऱ्यांनीं आपल्या आरोग्यकेंद्राचे गुण लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत तक्त्यावर मांडले. जनसुनवाईंत अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलें, कीं दाई रात्रीं कां नव्हती, बाहेरून औषध आणावयास कां सांगितलें. अधिकारी चिडले, कांहीं सुधारलेही. पुढें निधीची धार बारीक होत गेली. कोट्यवधि रुपयांच्या दाव्यांची छाननी करणाऱ्या संगणकांना पैसा कमी पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. गांवकऱ्यांच्या चहाला मात्र तो कमी पडला.

आमची मागणी मोठी नाहीं, आणि तिला नवें महामंडळ नको. घरीं सोडतांना रोग्याला जें डिस्चार्ज कार्ड मिळतें, त्यावर एक रकाना वाढवावा: तीन महिन्यांनंतर. त्यांत चारच गोष्टी असाव्या. माणूस जिवंत आहे का. दुखणें गेलें का. कामावर जातो का. पुन्हां रुग्णालयांत जावें लागलें का. ठोक दराचा दहावा हिस्सा हा रकाना भरून येईपर्यंत रोखून धरावा. उत्तर काय आलें यावर नव्हे, आलें कीं नाहीं एवढ्यावरच तो सुटावा, म्हणजे रोग्याचा माग ठेवण्यांत रुग्णालयाचाही स्वार्थ राहील, आणि अवघड रोगी टाळण्याचें कारण राहणार नाहीं. बाकीचा नऊ हिस्से पैसा मात्र ठरल्या दिवशीं द्यावा. जमलेलीं उत्तरें रुग्णालयवार, रोगवार, रोग्यांचीं नांवें वगळून, दरवर्षीं जिल्ह्याच्या ठिकाणीं मराठींत छापून लावावीं. हें काम विमा कंपनीकडे किंवा रुग्णालयाकडे न देतां गांवच्या आशाताईकडे द्यावें, कारण कोणाच्या घरीं कोण अंथरुणावर आहे हें तिला विचारावें लागत नाहीं. आणि दर कार्डामागें तिचा मोबदला त्या ठोक दरांतूनच कापून द्यावा. तिच्या डोक्यावर आधींच पुष्कळ फुकटचीं कामें आहेत.